जुन्या ९११चं वजन उतरवताना

१९७३च्या पोर्श ९११ कॅरेरा आरएस २.७चे दोन प्रकार होते. एम४७१ हा हलका, ९६० किलोचा. एम४७२ हा टूरिंग, १०७५ किलोचा. इंजिन दोन्हींत एकच, २१० अश्वशक्तीचं. हलक्या गाडीला मागची सीट नव्हती, घड्याळ नव्हतं, ग्लोव्ह बॉक्सला झाकण नव्हतं आणि दार आतून ओढायला नुसता पट्टा होता. पुढे १९८७ मध्ये कॅरेरा ३.२ क्लब स्पोर्टनं तोच कित्ता गिरवला. एसी, विजेवरच्या काचा, रेडिओ, मागची सीट, मागचा वायपर, इतकंच काय, शेजारच्या सीटसमोरचा सन व्हायजरसुद्धा कारखान्यातच गाळला आणि साधारण ५० किलो वाचवले.

कारखान्यानं एवढं करून ५० किलो वाचवले, हे लक्षात ठेवलेलं बरं. १९७४ ते १९८९ मधली मोठ्या बंपरची ९११ हलकी करायला घेणाऱ्यांच्या अपेक्षा बहुतेक वेळा अवाच्या सव्वा असतात. रस्त्यावर चालवायच्या, पत्र्याला करवत न लावलेल्या ९११ एससीतून किंवा ३.२ कॅरेरातून (दोन्ही याच काळातली मॉडेलं) ८० ते १०० किलो निघाले तर काम उत्तम झालं असं मी धरतो. तेही काही कमी नाही. ११६० किलोच्या, २०४ अश्वशक्तीच्या एससीतले १०० किलो गेले, तर वजन आणि ताकदीच्या गुणोत्तरात ती २२३ अश्वशक्तीच्या गाडीइतकी होते. शिवाय ब्रेक आणि टायर यांच्यावरचा भार हलका होतो, तो फायदा इंजिनची ताकद वाढवून मिळत नाही. कमाल वेग मात्र जवळजवळ आहे तिथेच राहतो. तो हवेच्या अडथळ्यावर ठरतो, वजनावर नाही.

हे किलो चार-पाच मोठ्या जिनसांमध्येच असतात. कंसांना (ब्रॅकेटना) भोकं पाडून तीन-तीन ग्रॅम गोळा करण्यात लोक संध्याकाळी घालवतात आणि डोक्यावरच्या सनरूफला हात लावत नाहीत. म्हणून आधी काटा, मग पाना.

तोलायचं कसं

चार चाकांखाली चार काटे, टाकी अर्धी, चालकाच्या जागी चालकाच्या वजनाइतकी पोती, टायरमध्ये ठरलेली हवा. हे आकडे लिहून ठेवा. कामानंतर अगदी अशाच अवस्थेत पुन्हा तोललं तरच तुलनेला अर्थ आहे, कारण पेट्रोलच लिटरमागे पाऊण किलो भरतं. ८० लिटरची टाकी भरलेली आणि अर्धी यांत ३० किलोंचा फरक पडतो. (फुकटात वजन कमी करायचंय? टाकी अर्धीच ठेवा.) निघालेला प्रत्येक भाग बॅग तोलायच्या लटकत्या काट्यावर तोलून त्याचं वजन आणि तो गाडीत कुठे होता ते वहीत टिपा.

कुठे होता हे या गाडीत फार महत्त्वाचं आहे, कारण इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेलं आहे. वाटणी पुढे ४०, मागे ६० अशी धरा. पुढच्या डिकीतून, म्हणजे पुढच्या आसाच्या सुमारे ४० सेंटिमीटर पुढून, २० किलो काढले, तर २२७२ मिलिमीटरच्या व्हीलबेसच्या (दोन आसांमधल्या अंतराच्या) हिशेबानं पुढच्या आसावरचे साडेतेवीस किलो कमी होतात आणि मागच्या आसावर साडेतीन किलो वाढतात. पुढचा वाटा ४० टक्क्यांवरून ३८.६ वर येतो. पुढचं नाक आणखी हलकं, वळणात शिरताना स्टिअरिंग आणखी सुस्त. आता मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागून ३० किलो काढा. पुढचा वाटा ४०.४ वर चढतो. तेव्हा ९११मध्ये क्रम ठरलेला असावा: आधी मागचं, मग वरचं, मग मधलं आणि सगळ्यात शेवटी पुढचं. बरेच जण नेमकं उलटं करतात, कारण पुढच्या डिकीतली स्टेपनी आणि जॅक दोन मिनिटांत निघतात.

एसी

सर्वांत मोठा एकगठ्ठा इथे मिळतो, २५ किलोंच्या आसपास आणि गाडीगणिक थोडा कमी-जास्त. कॉम्प्रेसर इंजिनावर, एक कंडेन्सर इंजिनच्या झाकणाला, दुसरा नाकाखाली, बाष्पक (इव्हॅपोरेटर) पुढच्या डिकीतल्या खोल कप्प्यात, आणि या सगळ्यांना जोडणारे जाड होज गाडीच्या बुडाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे वजन दोन्ही टोकांकडून कमी होतं आणि वाटणी फारशी बिघडत नाही.

पहिली पायरी गॅस काढण्याची, आणि ती यंत्रानंच. जुन्या गाड्यांत आर-१२ असतो; त्यानं ओझोनचा थर विरतो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानं त्याच्यावर बंधनं आली. होज सैल करून गॅस हवेत सोडणं बेकायदा तर आहेच, आणि त्याचा फवारा त्वचेवर बसला तर हिमदाह होतो. गॅस निघाल्यावर उघड्या तोंडांना लगेच टोप्या लावा. कोरडा करणाऱ्या बाटलीत दमट हवा गेली की ती वाया जाते, आणि पुढे कुणी हा संच परत बसवणार असेल तर तुम्ही त्याचं नुकसान केलेलं असतं.

कॉम्प्रेसरचा पट्टा वेगळा असल्यामुळे इंजिन हवेनं थंड करणाऱ्या पंख्याच्या पट्ट्याला धक्का लागत नाही. क्रँक पुलीवरची जादा खाच रिकामी राहिली तरी काही बिघडत नाही. अडचण येते ती बोल्टची. कॉम्प्रेसरचा जाड कंस काढल्यावर तेच लांब बोल्ट त्याच भोकांत परत घातले, तर ते तळाला टेकतात. हाताला आवळल्यासारखे लागतात, प्रत्यक्षात खालचा भाग सैलच असतो आणि तिथून तेल पाझरायला लागतं. कंसाच्या जाडीइतके आखूड बोल्ट आणा, नाहीतर तेवढ्या जाडीचे वॉशर घाला.

बाष्पक निघाल्यावर कप्प्याच्या पत्र्यात होजची भोकं उघडी पडतात. रबरी बूच लावा, कडेला सीलंट फिरवा. नाहीतर पुढच्या चाकांनी उडवलेलं पाणी आत साचतं. वायरी कापू नका. टोकांवर चिठ्ठी चिकटवा, गुंडाळून बांधा आणि एसीचा फ्यूज काढून ठेवा. इंजिनच्या झाकणावरचा कंडेन्सर निघाला की झाकण हलकं होतं आणि जुना गॅस स्ट्रट (झाकण वर उचलून धरणारी दांडी) ते जोरात वर फेकतो. कमी जोराचा स्ट्रट लावा. हीच गोष्ट पुढे फायबरच्या झाकणांना आणखी लागू पडते: मूळच्या पोलादी झाकणासाठीचे स्ट्रट हलक्या फायबरच्या झाकणाला बंद स्थितीत सतत वर रेटत राहतात आणि उन्हात काही महिन्यांत ते झाकण मधून वाकतं. फायबरला एक तर अगदी हलके स्ट्रट, नाहीतर सरळ टेकू आणि पिना.

मागची सीट, गालिचे आणि डांबर

मागच्या सीटच्या पाठी बिजागऱ्यांवर असतात, बसायच्या गाद्या गोंदानं चिकटवलेल्या. गादी पुढच्या कडेनं सावकाश उचला. घाईनं ओढली की खालचा थर फाटून पत्र्यालाच चिकटून राहतो. मागचे सीटबेल्टचे पट्टे काढलेत तर त्यांचे बोल्ट रिकाम्या भोकांत परत बसवा, कारण ती भोकं चाकाच्या कमानीत उघडतात आणि तिथून पाणी येतं. पट्टे काढल्यावर मागे माणूस बसवायचा नाही, हे सांगायलाच हवं.

गालिच्याखाली डांबराचे जाड थर सापडतील: पाय ठेवायच्या जागी, मधल्या बोगद्यावर (दोन सीटांमधल्या उंचवट्यावर) आणि मागच्या सीटच्या खोलगट वाट्यांत. सगळं खरवडून बादलीत भरलं की साधारण ७ ते १० किलो भरतं. ते काढायचं उत्तम साधन म्हणजे ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. दहा किलो गोळ्या एका बाजूच्या जमिनीवर तीनेक सेंटिमीटर जाडीनं पसरा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. उणे ७८ अंशांवर डांबर काचेसारखं ठिसूळ होतं, पत्रा त्याच्याहून वेगळ्या प्रमाणात आक्रसतो आणि थर आपोआप सुटायला लागतो. रबरी हातोडीनं टकटक करत कडेकडून आत या. ठण्ण आवाज आला की तिथला थर अजून धरून आहे, भद्द आवाज आला की सुटला. मग प्लास्टिकच्या पात्यानं ताटलीएवढे तुकडे सलग उचलले जातात. गोळ्या झाडून पुढच्या भागावर सरकवा, त्या तीन-चार जागांना पुरतात.

बोगद्याच्या उभ्या बाजूंवर गोळ्या टिकत नाहीत. तिथे हीट गन आणि बोथट पातं घ्या, पण थर मऊ होईल इतकंच तापवा. डांबर धुरावलं तर ते पसरतं आणि मग रॉकेल किंवा टर्पेंटाइननं पुसत बसावं लागतं. बोगद्यातून क्लचची केबल आणि गिअरची दांडी जाते, तिच्या प्लास्टिकच्या बुशांना अति थंडी आणि अति उष्णता दोन्ही सोसत नाहीत.

ड्राय आइसमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि गाडीच्या तळाशी साचतो. दोन्ही दारं उघडी, जागा मोकळी, हातात जाड हातमोजे, आणि डोकं डॅशबोर्डखाली घालून कामाला बसायचं नाही. उरलेल्या गोळ्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवल्या तर डबा फुटतो.

पत्र्यांच्या सांध्यांवरचं करडं सीलंट डांबरासारखंच दिसतं, ते सोडा. चुकून निघालं तर पॉलियुरेथेनचं सीलंट पुन्हा भरा. १९७६पासूनच्या गाड्यांचा सांगाडा जस्त चढवलेला आहे. तारेच्या ब्रशनं घासून तो जस्ताचा थर घालवणं म्हणजे दहा किलोंसाठी गंजाला आमंत्रण. रंग शाबूत असेल तर त्याच्यावर पातळ गालिचा घालून मोकळे व्हा. बुडाखालचं पीव्हीसीचं लेपन खरवडायच्या फंदात मात्र रस्त्यावरच्या गाडीनं पडू नये. काम किळसवाणं, फायदा थोडा, आणि दगडांपासूनचं संरक्षण जातं.

इंजिनच्या खोलीत आडव्या भिंतीला फोमची जाड गादी चिकटवलेली असते. ही काढाच, वजनासाठी नसली तरी. चाळीस वर्षांत फोमचा भुगा होतो, त्याचे तुकडे पंखा ओढून घेतो आणि सिलिंडरच्या पंखांमध्ये कोंबतो.

पुढच्या सीटा, दारं, छप्पर

विजेवरची सीट २० किलोंच्या पुढे जाते. एकसंध फायबरची बकेट सीट ६ ते ८ किलोंची, वर रुळ आणि कंसांचे तीन किलो. दोन्ही मिळून २० किलोंहून जास्त वाचतात, तेही नेमके मधोमध, वाटणीला धक्का न लावता. ३.२ कॅरेरात इंजिनचा संगणक डावीकडच्या सीटखाली असतो. सीट फार खाली बसवली की ती त्याच्यावर टेकते आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याबरोबर त्याच्या जोडणीला हादरा बसतो. मग इंजिन मधूनच बंद पडतं आणि माणूस पेट्रोल पंप बदलत बसतो. सीट बसवून त्यात माणूस बसल्यावर खाली बोटभर जागा उरते का, ते हात घालून पाहा.

दारांत विजेच्या काचांऐवजी हाताच्या यंत्रणा बसवल्या तर दारामागे दोनेक किलो मिळतात. आतल्या कप्प्यांऐवजी साधी पाटी आणि पट्टा लावला की आणखी थोडं. दारातली आडवी पोलादी तुळई असेल तिथे हात लावायचा नाही. ती धडक सोसायला आहे.

सनरूफ हा वरच्या वजनाचा बादशहा: सरकता पत्रा, रुळ, केबली, मोटर आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर धरला, तर सव्वा मीटर उंचीवरचे १२ किलो गेल्यावर तो सात-आठ मिलिमीटर खाली येतो. एवढ्यासाठी लोक स्प्रिंगा बदलतात. पण छपराच्या भोकात पत्रा वेल्ड केला की उष्णतेनं आजूबाजूचा पातळ पत्रा लहरतो आणि मग पुट्टीचे थर चढतात. वाचवलेल्या वजनाचा काही भाग असाच परत येतो. नीट करायचं तर सनरूफ नसलेल्या गाडीचं पूर्ण छप्पर लावावं लागतं, आणि ते काम कसलेल्या पत्रेवाल्याचं. घरच्या घरी होण्यासारखं म्हणजे फक्त मोटर आणि केबली काढून पत्रा आतून पक्का करणं. गळणाऱ्या नळ्या तरीही साफ ठेवाव्या लागतात.

मागच्या काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट बसवता येतं. काचेची घनता २.५, याची १.२, म्हणजे त्याच जाडीत निम्मं वजन. पण ते तापून काचेपेक्षा कितीतरी जास्त वाढतं: मीटरभर लांबीच्या तुकड्यात ४० अंशांच्या फरकानं अडीच मिलिमीटरहून जास्त. भोकं बोल्टपेक्षा तीन मिलिमीटर मोठी ठेवली नाहीत तर बोल्टभोवती चिरा पडतात. अमोनियाचा क्लीनर किंवा पेट्रोलचा बोळा लावला तरी तेच. मागच्या काचेतली वाफ घालवणारी तारही जाते. समोरची काच लॅमिनेटेडच राहिली पाहिजे.

मागचं टोक आणि बंपर

मागचा वायपर, त्याची मोटर आणि वायर सहज निघतात. भोकाला रबरी बूच लावा. सायलेन्सरमध्ये बरेच किलो आहेत आणि तेही सगळ्यात मागच्या टोकाला, म्हणून पातळ पत्र्याचा हलका सायलेन्सर हा या गाडीतला सर्वांत किफायतशीर बदल. हीट एक्स्चेंजर (एक्झॉस्टच्या उष्णतेवर हीटरची हवा तापवणारे) काढून साधे एक्झॉस्ट पाइप लावणारे एक गोष्ट विसरतात: पंख्याच्या आच्छादनातून हीटरला हवा देणारी तोंडं उघडी राहिली, तर इंजिन थंड करायची हवा तिथून वाया जाते. ती झाकायलाच हवीत. शिवाय हीटर गेला की पावसात समोरच्या काचेवरची वाफ कशानं घालवायची, हा प्रश्न उरतो. रस्त्यावरच्या गाडीत मी हीट एक्स्चेंजर ठेवतो.

मागचा मोठा पंख (स्पॉयलर) आणि पुढच्या बंपरखालची ओठी ही जोडी आहे. एक काढून दुसरी ठेवली तर वेगात गाडीचा तोल बिघडतो. पंख गेला आणि ओठी राहिली तर मागचं टोक हलकं होतं, आणि ते या गाडीत कुणालाच नको असतं.

या पिढीचे बंपर दिसायला अवजड असले तरी ते मुळात ॲल्युमिनियमचे आहेत. फायबरचे लावून अपेक्षेइतकं वजन वाचत नाही. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत बंपरमागे हायड्रॉलिक शॉक आहेत. त्यांच्या जागी इतर देशांतल्या गाड्यांसारख्या साध्या दबणाऱ्या नळ्या बसवल्या की तेवढंच पुरे.

जे निरुपयोगी वाटतं पण नाही

इंजिनभोवतीच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि त्यांच्या कडेचं रबर. नुसतं झाकण वाटतं, पण वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवणारं तेच. काढलं की पंखा गरम हवाच परत ओढतो. उजव्या पुढच्या मडगार्डमधला तेलाचा कूलर आणि त्याच्याकडे जाणाऱ्या लांब नळ्याही तशाच: तेल भरलेल्या असल्यामुळे चांगल्या जड, पण या इंजिनाचं निम्मं थंड होणं तेलावरच अवलंबून. हँडब्रेक आणि सीटबेल्ट यांच्याबद्दल बोलायलाच नको.

बॅटरी

ही पुढे आहे, म्हणून शेवटी. लेड-ॲसिडची १८ किलोंच्या आसपास, लिथियम आयर्न फॉस्फेटची चार-पाच. आधी इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा. १४ ते १४.४ हवेत, १४.६च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बदला. जुना रेग्युलेटर जास्त व्होल्ट देऊ लागला, तर लेड-ॲसिड पाणी उकळून सोसते. लिथियमचं संरक्षण सर्किट मात्र धावत्या गाडीत बॅटरी तोडून टाकतं आणि अल्टरनेटरचा झटका बाकीच्या इलेक्ट्रॉनिक्सवर जातो. शून्याखालच्या थंडीत ही बॅटरी चार्ज करायची नसते. आकारानं लहान असल्यामुळे ती मूळच्या तबकडीत हलते. ठोकळे घालून कसून बांधा आणि धन टोकावर टोपी घाला, कारण वर डिकीचं पोलादी झाकण आहे.

फ्लायव्हीलबद्दल (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीबद्दल) नेहमी विचारलं जातं, म्हणून एवढंच. चार किलो कमी केले आणि ते मध्यापासून सरासरी १० सेंटिमीटरवर होते असं धरलं, तर पहिल्या गिअरमध्ये, जिथे एकूण गुणोत्तर १२च्या आसपास असतं, ते गाडीचे ६० किलोंहून जास्त कमी झाल्यासारखं जाणवतं. पाचव्यात गुणोत्तर ३वर येतं आणि फायदा जेमतेम चार किलोंचा उरतो. बदल्यात सिग्नलला इंजिन बंद पडायची सवय लागते.

काम झाल्यावर

चारही काट्यांवर पुन्हा उभी करा. पुढच्या आसावरून २० किलो गेले असतील तर मूळच्या टॉर्शन बारवर (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीवर) नाक पाचेक मिलिमीटर वर आलेलं असेल; मागे जास्त निघाले असतील तर शेपूट वर. पुढची उंची टॉर्शन बारच्या स्क्रूनं, मागची स्प्रिंग प्लेटच्या एक्सेंट्रिकनं जुळवा. मग कर्णाची वजनं बघा: पुढचं डावं अधिक मागचं उजवं, हे एकूण वजनाच्या निम्म्याच्या जवळ हवं. एकच कोपरा फिरवला की चारही आकडे बदलतात, म्हणून अर्ध्या-अर्ध्या फेरीनं जा आणि दर वेळी गाडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्या. त्यानंतरच अलाइनमेंट. ओल्या, मोकळ्या जागेत सावकाश वेग वाढवत जोरात ब्रेक दाबून मागची चाकं आधी जाम होत नाहीत ना, हे पाहा.

हेडलाइटची दिशाही तपासा, उंची बदलल्यावर प्रकाशाची रेघ सरकते. आणि निघालेला माल टाकू नका. प्रत्येक भाग त्याच्या बोल्टसकट पिशवीत, पिशवीवर नाव आणि वजन, कोरड्या जागी. ही गाडी कधी विकायची झाली तर पहिला प्रश्न त्या पिशव्यांचाच येतो.